झाडाखालून मारलेली हाक

लग्न जमवताना आमच्याकडच्या मंडळींनी मुलाची सगळी चौकशी केली होती. पितो का, तंबाखू खातो का, पारनेरकडची जमीन वाटणीत किती येते, नगरची नोकरी कायमची आहे का. झाडावर चढतो का, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? इस्त्रीचा शर्ट, पायात बंद बूट, कचेरीत टेबलाशी बसायचं काम. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले, तर दुपारची जेवणं झाली आणि हे गायब. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी भांडी घासता घासता हनुवटीनेच वर दाखवलं. मी आपली घराच्या पत्र्याकडे बघत राहिले.

"तिथं न्हाई गं," त्या म्हणाल्या, "चिचंवर."

घरामागच्या बांधावर एक जुनी चिंच आहे. तिच्या पार वरच्या बेचक्यात माझा नवरा पाय सोडून बसला होता, अनवाणी, शर्टाच्या बाह्या वर सारून, आणि शीळ घालत होता. आपल्याला शीळ घालणारा नवरा मिळालाय, हे मला तेव्हा कळलं. मी खालून हाक मारली, "अहो!" शीळ थांबली. फांद्यांमधून एक चेहरा वाकून खाली बघायला लागला आणि तो चेहरा भलताच खूश होता. इतका खूश तो मुंडावळ्या बांधलेल्या फोटोतही नाही. मी घरी आल्यावर लग्नाचा अल्बम मुद्दाम काढून तपासला. नाहीच.

तेव्हापासून मी जळते आहे. हे सरळच सांगून टाकते, कारण पुढे 'काळजी' हा शब्द बऱ्याचदा येईल आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. काळजी वाटतेच. पण ती दुसऱ्या नंबरला.

आम्ही राहतो सावेडीला, दुसऱ्या मजल्यावर. मी घरी शिकवण्या घेते. आमच्या इमारतीतले इतर नवरे रविवारी उशिरा उठतात, फार तर मिसळ आणायला स्कूटर काढतात. हे सकाळीच आवरून तयार. 'आईला बघून येतो' असं म्हणायचं, आणि आईला बघायचं ते झाडावरूनच. मीही गाडीवर मागे बसून जाते. घरी राहून कुणाचं तोंड बघू? गावाचा फाटा आला की यांची भाषासुद्धा बदलते. नगरमध्ये 'आहे' म्हणणारा माणूस तिथे 'हाय' म्हणतो, 'मी गेल्तो' म्हणतो, सगळं 'लई भारी' असतं. माझ्याशी बोलताना मात्र तिथेही 'आहे'च. जणू मीसुद्धा कचेरीतूनच सोबत आलेय.

एकदा मी विचारलं, "एवढं काय आहे वर?"

यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "खाली असलं की डोक्यात दहा गोष्टी चालू असतात. साहेब, टपाल, तू सांगितलेली कोथिंबीर. वर गेलं की एकच उरते. आता हात कुठे ठेवायचा."

"म्हणजे वर गेल्यावर मी डोक्यात नसते."

"तसं नाही गं."

"तसंच आहे," मी म्हटलं. यावर हे कान खाजवत बसले. खोटं बोलता येत नाही, हा यांचा मोठाच दुर्गुण आहे.

चढायची यांची रीत ठरलेली. चपला खोडाशी काढायच्या. दोन पाय आणि एक हात पक्के असल्याशिवाय दुसरा हात सुटत नाही. पाय टाकायचा तो फांदीच्या मुळाशी, खोडाला लागून. मधोमध कधीच नाही. फांदी वाळलेली वाटली तर आधी बोटांनी ठोकून बघायची. दोन्ही हात एकदम मोकळे सोडायचे ते फक्त जेवायला बसल्यावर, असं हे म्हणतात. चिंच वाकते पण सहसा मोडत नाही, शेवगा माणूस नुसता दिसला तरी मोडतो, आणि जांभूळ सगळ्यांत लबाड, शेवटपर्यंत काही कळू देत नाही. हे सगळं ऐकून ऐकून मला तोंडपाठ झालंय. मला कारलं आवडत नाही, हे मात्र यांना अजून पाठ झालेलं नाही.

काळजीचं म्हणाल तर शेजारच्या वस्तीवर एकजण आहे. शेळ्यांना पाला काढायला बाभळीवर चढला आणि घसरला. फार उंचावरून नाही, घराच्या पत्र्याएवढंही नसेल. आता तो ओट्यावर बाजेवर पडून असतो आणि त्याची बायको त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवते. मी गाडी मुद्दाम त्याच्या दारावरून घ्यायला लावायची. हे त्याला हात करायचे, तोही यांना हात करायचा, आणि थोड्या वेळाने बघावं तर हे चिंचेवर. मी खाली उभी राहून "अहो, जपून", "अहो, बास आता", "अहो, खाली या" असा जप करत बसायची. वरून "हो, हो" यायचं. नंतर नंतर तेही यायचं बंद झालं.

शेजारणीला हे सगळं सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "अहो, झाड म्हणजे तुमची सवतच की!" चिंच सवत म्हणून मला चालली असती. चिंच बोलत नाही, नटत नाही, लग्नकार्यात पुढे पुढे करत नाही. पण चिंचेवर हे एकटे नसायचे.

यांची एक मामेबहीण आहे. यांच्याच वयाची. आमच्यात मामाची मुलगी म्हणजे हक्काची. मनात आणलं असतं तर यांची बायकोच व्हायची ती. आणि मनात आणलंही होतं. सासूबाईंची फार इच्छा होती, भाचीला सून करून घ्यायची. पण त्यांच्या भावाने साफ सांगितलं, पोरगी जिरायतात देणार नाही, पारनेरकडे पावसाच्या भरवशावर दिवस काढायला ती काय वाऱ्यावर पडलीय? त्याने तिला देवळाली प्रवऱ्याला दिली, पाटाच्या पाण्यात, उसाच्या घरात. म्हणजे पाऊस बरा पडला असता, तर मी या घरात नसतेच. हे गणित मी कितीदा मनात मांडलंय, काही विचारू नका.

तिचं सासर मजेत आहे, नवरा चांगला आहे, काही कमी नाही. फक्त तिकडे जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि ऊस कितीही उंच वाढला तरी त्यावर चढता येत नाही. म्हणून चिंचा आल्या की ती आत्याकडे हजर. आंबे उतरायचे असले की हजर. जांभळं काळी झाली की हजर. आली की ओढणी कमरेला गच्च बांधते, हातावर थुंकल्यासारखं करते आणि चढते. मुंगळे पायावर चढले तरी हात सुटत नाही. खरं सांगायचं तर ती यांच्याहून बरी चढते. हे मी इथे लिहितेय, तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

दोघं लहानपणी याच झाडांवर वाढली. मामा कामाला बाहेर असायचा तेव्हा ती सगळी सुट्टी इथेच असायची. आता दोघांच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी वर गेली की दोघांची भांडणं तीच. "ए, तो आकडा माझा हाय." "तुझं नाव लिव्हलंय का त्याच्यावर?" मी आणि सासूबाई खाली गोणपाट अंथरून चिंचा गोळा करत असायचो आणि वरून हसणं खाली पडत असायचं. एका रविवारी तिने दोघांचा वरूनच काढलेला फोटो मोबाईलवर स्टेटसला ठेवला. मागे आभाळ, पुढे दोघांचे दात. कोपऱ्यात खाली, फार खाली, गोणपाट आणि माझं डोकं. तेही नुसता भांग दिसत होता.

पण हसणं, फोटो, हेही सगळं मी गिळलं असतं. मला खरं जे डाचतं ते वेगळंच. ती यांना नावाने हाक मारते.

साधीच गोष्ट आहे. बहीण आहे, बरोबरीची आहे, 'अरे' म्हणणार, नावानेच बोलावणार. आणि मी 'अहो'. आमच्या इमारतीतल्या नव्या मुली नवऱ्याला सरळ नावाने हाक मारतात, खिडकीतून ओरडून दूध आणायला सांगतात. मलाही कुणी अडवलं नव्हतं. पण लग्नानंतर पहिल्याच सणाला सासूबाईंनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "बाई, उखाण्यात घेशील तेवढंच. येरवी नवऱ्याचं नाव घेऊ नगं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतंय." मी नगरची, शिकलेली, मला हे पटलं नाही. पण पटत नाही म्हणून करून बघायची माझी छातीही झाली नाही. कुणाचं आयुष्य पणाला लावून असले प्रयोग करतात का? तेव्हा माझ्या वाट्याला नुसतं 'अहो', जे आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईने हाळी दिली तरी चालून जाईल. आणि यांचं खरं नाव, आईने पाळण्यात ठेवलेलं, ते तिच्या वाट्याला. ती ते नाव झाडावरून असं फेकते, जसा हातात कायम असलेला खडाच.

यांना सुरक्षित ठेवावं म्हणून मी एकदा नगरच्या बाजारातून दोर आणला. चांगला जाड, नायलॉनचा. दुकानदाराला विचारून आणला, की माणसाचं वजन पेलेल ना. गावी गेल्यावर मी तो यांच्या पुढे ठेवला आणि म्हटलं, "कमरेला बांधून चढा. मला बाकी काही नको." हे दोराकडे बघायला लागले. हे काही बोलायच्या आत ती चिंचेखालून खदखदून हसली.

"वहिनी, दोर जनावराला बांधत्यात!"

हेही हसले. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. नंतर यांनी मला समजावलं की दोर मध्येच कुठे अडकला तर उलट घात होतो, सवय नसलेल्याने दोरावर विसंबलं की हातावरचं लक्ष जातं. असेलही. पण समजावणं नंतर झालं, हसणं आधी झालं. तो दोर सासूबाईंनी गोठ्यात नेला, तो आता खरोखरच म्हशीच्या गळ्यात आहे.

त्याच सुमारास मी एक उद्योग केला. दुपारी सगळे आडवे झाल्यावर चपला खोडाशी काढल्या आणि चिंचेवर चढायला घेतलं. आमच्या माहेरी मुलींनी गच्चीच्या कठड्याला टेकलं तरी ओरडा बसायचा. झाड म्हणजे शाळेच्या पुस्तकात चित्र. पण तोंडपाठ धडा होता ना. दोन पाय, एक हात. पाय मुळाशी. ढोपर खरचटलं, दंडाला साल घासली, पण पहिल्या बेचक्यापर्यंत मी गेले. गेले आणि बसले.

वर गार होतं. खाली उन्हाचा तवा तापलेला आणि वर पानांत बारीक वारा. पायाखाली काही नाही, ही गोष्ट तळव्यांना कळते, हे मला माहीत नव्हतं. भीती वाटत होती, पण ती भीती सगळी हातात होती, डोक्यात एक शब्दही नव्हता. शिकवणीची पोरं नाहीत, संध्याकाळची भाजी नाही, आणि खरं सांगायचं तर हेसुद्धा नाहीत. किती वेळ तशी बसले कोण जाणे. मग मला यांचं म्हणणं कळलं, आणि जास्तच राग आला. आतापर्यंत नुसत्या अंदाजाने जळत होते, आता माहिती काढून जळायला लागले. एवढं सुख दर रविवारी दुसऱ्याच कुणाबरोबर!

उतरायला गेले तेव्हा पाय सापडेना. चढताना फांदी दिसते, उतरताना दिसत नाही, हे धड्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी बेचक्याला मिठी मारून बसले. मला उतरवलं कुणी असेल? तीच आली. आरडाओरड केली नाही, कुणाला उठवलं नाही. खाली उभी राहून माझी टाच हातात धरली आणि म्हणाली, "हितं ठेवा. आता दुसरा. सोडा, मी हाय." मी खाली आले. तिने माझ्या पाठीवरची सालं झटकली. कुणाला सांगितलंही नाही. ती थोडी वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं.

आता जांभळाचं सांगते.

वटपौर्णिमेला सासूबाई मला गावीच बोलावतात. आम्ही वडाला सूत गुंडाळत सात फेरे घातले, सात जन्म हाच नवरा मागितला. हाच नवरा त्या वेळी पलीकडे आंब्यावर होता. ते सूत वडाऐवजी यांच्या कमरेला गुंडाळलं असतं तर काहीतरी उपयोग झाला असता, असं मला वाटून गेलं. पौर्णिमा झाली आणि पुढच्या रविवारी ती आली, आत्याची जांभळं खायला.

जांभूळ विहिरीच्या अंगाला आहे. जांभळं खाली पडली की फुटतात, म्हणून मी आणि सासूबाईंनी त्यांचं एक जुनं लुगडं दुहेरी करून दोन्ही बाजूंनी ताणून धरलं होतं. हे एका बाजूच्या फांदीवर आणि ती खोडाच्या पलीकडे, पानांत पार दिसेनाशी झालेली. नुसता तिचा आवाज यायचा. लुगड्यात जांभळं टपटपत होती, सासूबाई मधूनच एखादं उचलून तोंडात टाकत होत्या. सगळं बरं चाललं होतं.

मग पलीकडून ती म्हणाली, "तुझ्या पुढं बघ की, टोकाला. लई काळा घोस हाय."

"लांब हाय," हे म्हणाले.

"आरं, ल्हानपनी जायचास की तिथवर. आता काय, सायेब झाला!"

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला जांभळाच्या झाडावरून फार वेळ लागत नाही. यांनी एक पाय पुढे टाकला. मुळाशी नाही, पुढे.  जांभूळ लबाड, हे यांनीच मला शिकवलेलं. मी म्हटलं, "अहो." दुसरा पाय पुढे गेला. मी खालून बघत होते, म्हणून मला दिसलं. फांदी जिथे खोडातून निघते, तिथे खालच्या अंगाला साल उकलली आणि आतलं पांढरं लाकूड दिसायला लागलं. यांना ते दिसणं शक्यच नव्हतं, ते फांदीच्या वर होते आणि डोळे घोसावर.

"अहो!" मी ओरडले. "अहो, मागे या! अहो!"

काही नाही. इतकी वर्षं मी त्या झाडांखाली एवढे 'अहो' सांडले होते, की त्यांना आता झाडावरच्या पाखरांइतकीही किंमत उरली नव्हती. पांढरी चीर वाढली. यांचा हात घोसाकडे लांबला. मला पुढचं सगळं दिसलं, विहिरीचा दगडी काठ, आणि ती शेजारच्या वस्तीवरची बाज.

आणि मी यांच्या नावाने हाक मारली.

नुसतं नाव. पुढे 'राव' नाही, मागे 'अहो' नाही. "अरे" सुद्धा जोडलं मी, "अरे, मागं हो!" असं. कुठून आला तो आवाज माझा मला माहीत नाही. लुगड्याचं टोक माझ्या हातातून कधी सुटलं तेही कळलं नाही. वर हे जागच्या जागी थांबले. हात आखडला, अंग मागे घेतलं आणि खोडाला मिठी मारली. त्याच क्षणी फांदी कडकन निघाली आणि पानं, घोस, सगळं घेऊन विहिरीच्या काठावर आदळली. जांभळं चहूकडे उडाली. सासूबाई मटकन खाली बसल्या.

 मग वर खोडाला चिकटलेले हे हसायला लागले, घाबरल्यावर माणूस हसतो तसं. आणि मान वर करून, पलीकडच्या पानांकडे बघून म्हणाले,

"लई बरं झालं हाक मारलीस. न्हाईतर गेल्तो आज."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांच्या नावाने हाक मारणारं त्या झाडापाशी एकच माणूस होतं.

पानांतून ती म्हणाली, "आरं, मी कुठं..."

"व्हय रं बाबा, तिनंच मारली!" सासूबाई खालून एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मी दचकले. "आता उतर आधी खाली!" आणि माझं मनगट घट्ट धरून हळू आवाजात मला म्हणाल्या, "गप ऱ्हा. तू नाव घेतल्यालं त्याला कळलं न्हाई, म्हंजी घेतलंच न्हाई. काय बी हुनार न्हाई त्याला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोराचा जीव वाचला होता आणि त्याचं आयुष्यही कमी होऊ द्यायचं नव्हतं, दोन्ही त्यांना साधायचं होतं. त्यांच्याशी काय भांडणार?

हे उतरले, मागोमाग तीही. खाली आल्यावर तिच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे बघून म्हणाले, "घाबरलीस का गं?" मी म्हटलं, "हो."

टाकीवर हात धुताना ती माझ्याजवळ आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. घोस आपण दाखवला हे तिला खात होतं. म्हणाली, "वहिनी, आत्याचं काय ऐकू नका. मी सांगते त्याला, तुमी हाक मारली म्हनून."

"नको," मी म्हटलं.

"आवं, पन..."

"नको म्हटलं ना, वन्स."

तिला वाटलं मी सासूबाईंच्या सांगण्याला मान देतेय. तसं काही नव्हतं. माझीच गोष्ट मला तिच्या हातून वाढलेली नको होती. आणि मी स्वतः का सांगितलं नाही, तर त्याचंही उत्तर सोपं आहे. सांगून काय उपयोग? यांनी ओळखायला हवा होता. रोज सकाळी उठवणारा, डबा भरला म्हणून सांगणारा, ताप आला की रात्रभर उशाशी बोलणारा आवाज आहे तो. नाव घेतलं एवढ्यानेच तो दुसऱ्या बाईचा कसा होतो? मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं, माझा आवाज या माणसाला ओळखू येतो की नाही, आणि ते मला सांगून कळणार नव्हतं.

यांचं चढणं सुटलं नाही. जांभूळ तेवढं सोडलं. उलट आता गोष्ट मिळाली आहे सांगायला. इमारतीत कुणाकडे वाढदिवसाला जमलो, की हे सांगतात. फांदी कशी मुळातून निघत होती, आपण कसे बेसावध होतो, आणि मामेबहिणीने वरून कशी हाक मारली. "वरूनच आली, अगदी डोक्यावरून," असं हात करून दाखवतात. मी खालून मारलेली हाक! लोक म्हणतात, नशीबवान आहात, अशी बहीण आहे. मी चहाचे कप गोळा करून आत जाते. कप जरा जोरातच ठेवले जातात, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

परवाचीच गोष्ट. सकाळची वेळ, हे आत आरशासमोर दाढी करत होते, नळ चालू होता. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. मनात काय आलं कोण जाणे, मी गाळणं खाली ठेवलं आणि हाक मारली. नावाने. तशीच, त्याच आवाजात, "अरे" लावून.

नळ बंद झाला. पावलं आली, भराभर. हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, एका गालावर फेस तसाच, आणि सगळा चेहरा हसरा. माझ्या बाजूने पुढे जाऊन यांनी दाराकडे बघितलं.

"कधी आली ती?" यांनी विचारलं.

"कुणी आलेलं नाही," मी म्हटलं. "चहा झालाय. घ्या."